सतरावी जागा

पावणेनऊला खाली फोन वाजला तेव्हा मावशी खिडकीपाशी आजोबांची दाढी करत होती. अर्धा गाल झाला होता, अर्धा अजून साबणात होता. तेवढ्यात मॅडम स्वतः जिना चढून वर आल्या. मॅडम स्वतः वर आल्या म्हणजे काहीतरी बिनसलं, हे त्या घरातल्या भिंतींनाही ठाऊक होतं.

"आज येतोय," मॅडम म्हणाल्या. "दहाला. आणि नवीन माणूस आहे."

कोण येतोय हे विचारायची गरज नव्हती. परवाना कार्यालयाचा तपासनीस वर्षातून एकदा येई. त्याने न सांगता यावं असा नियम होता. पण तिथल्या एका शिपायाच्या आईच्या आजारपणात मॅडमनी धावपळ केली होती, आणि तो माणूस तेवढी जाण ठेवून होता.

घर म्हणजे वर चार खोल्या, खाली स्वयंपाकघर, मोठा हॉल, ऑफिस आणि मागे कपडे धुवायची खोली. जन्मापासून बुद्धीची वाढ कमी पडलेली, आता वयाने मोठी झालेली माणसं तिथे राहत. सगळ्यात धाकटी चोवीस वर्षांची, सगळ्यात थोरले आजोबा एकसष्ट वर्षांचे. तरी घरात सगळ्यांना 'मुलं'च म्हणायचे. परवाना सोळा जणांचा होता. राहत होते अठरा.

परवान्याबाहेरचे दोघे म्हणजे आजोबा, आणि मावशीचा धाकटा भाऊ.

आजोबांचा उरलेला गाल मावशीने चार फटक्यांत उरकला. मग सुरू झाली ती पळापळ. दोन कॉट खोलून मागच्या खोलीत भिंतीला टेकवल्या, गाद्या त्यांच्यावर. सतरा आणि अठरा नंबरचे टॉवेल, ताटल्या, ब्रश, चपला एका पोत्यात. दोघांच्या औषधांचा डबा वॉशिंग मशीनच्या मागे, साबणाच्या रिकाम्या बादलीत. कारण कपाटातली औषधं वहीशी ताडून बघतात आणि वहीत हे दोघे नव्हतेच. पाच वर्षांत हे पाचव्यांदा चाललं होतं. सगळ्यांचे हात आपोआप चालत होते, आणि मावशीला त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटायची. खोटं बोलायचं तर निदान अडखळत तरी बोलावं!

"जेवणाचा डबा घेतलास? पाणी?" मॅडम विचारत होत्या.

"घेतलं."

"मग निघा. मागच्या गल्लीने जा."

---

मावशीचं सगळं आयुष्य या 'मागच्या गल्लीने जा' मध्ये अडकलं होतं. सहा वर्षांपूर्वी आई गेली. मावशीचं लग्न त्याआधीच तीन वर्षांत मोडलेलं; ती शिवणकामाच्या कारखान्यात जायची आणि आई धाकट्याला सांभाळायची. आई गेल्यावर धाकटा एकतीस वर्षांचा, सहा फूट उंच, आणि त्याला गॅस बंद करता येत नव्हता. परवाना असलेल्या घरांत तिने अर्ज केले. एका ठिकाणी कळलं, यादीत तुमचा नंबर दोनशे चौदा. सरकारी आश्रमात जागा होती. ती बघायला गेली आणि अर्ध्या वाटेतून परत फिरली. लांबलचक हॉल, भिंतीला पाठ लावून बसलेली माणसं, सगळ्यांची डोकी भादरलेली, आणि असा वास की दोन दिवस पदराला येत राहिला.

मग कुणीतरी या मॅडमचं नाव सांगितलं. मॅडमनी धाकट्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. म्हणाल्या, "ठेवते. पण वहीत नाही घेता येणार. आणि मला इथे माणूस कमी आहे, तू इथेच राहायला ये."

बुडत्याला काडीचा आधार. ती आली. घरातली सगळीजणं तिला मावशी म्हणू लागली. ताई म्हणणारा एकच उरला. काम ती जीव लावून करायची, त्यात खोट नव्हती. पण तिला 'नाही' म्हणता येत नव्हतं. कुणी सुट्टीवर गेलं तर पाळी मावशीची. रविवारचा एक दिवस तिचा, पण कुणी आजारी पडलं की तोही जायचा. मागे एका इस्पितळात तिला आयाचं काम चालून आलं होतं, ठरलेल्या तासांचं. तिने ते सोडलं. ती बाहेर पडली तर धाकटाही बाहेर. मॅडमनी तिला कधी धमकी दिली नव्हती. द्यायची वेळच आली नव्हती.

आजोबा तीन वर्षांपूर्वी आले. ते बोलत नसत, फक्त हुंकार देत. त्यांच्यामागे कुणी नव्हतं.

---

गोदामांच्या मागे एक ओसाड रस्ता होता. ड्रायव्हरने व्हॅन तिथे सावलीला लावली. व्हॅनच्या मागच्या भागाला जाळी होती, कारण एका मुलाला पळत्या गाडीत स्टिअरिंग धरायची सवय होती. मागचं सरकतं दार फक्त बाहेरून उघडायचं. तेही अशाच कुणापायी. खिडक्यांना गज आणि पडदे.

"मंत्र्याला नसेल एवढा बंदोबस्त आहे आपल्याला," ड्रायव्हर म्हणाला. मावशी हसली. दरवर्षी तो हेच म्हणायचा आणि दरवर्षी ती हसायची.

धाकट्याला मात्र हसू येत नव्हतं. मंगळवार हा चादरी धुवायचा दिवस. मशीनमधून चादर काढायची, झटकायची, दोरीवर टाकायची आणि दोन टोकांना दोन चिमटे लावायचे, हे त्याचं काम. दुसऱ्या कुणी चिमटा लावला तर तो काढून परत लावायचा.

"ताई, चादरी?"

"उद्या रे."

"आज मंगळवार."

"हो, पण आज सुट्टी."

"मंगळवारी सुट्टी नाही," तो म्हणाला. वारांच्या बाबतीत धाकटा कधी चुकत नसे.

दरवर्षी दोन तासांत निभावायचं. साडेअकराला मॅडमचा फोन आला. आवाज इतका बारीक की बहुतेक मोरीतून बोलत असाव्यात.

"दोनच खोल्या झाल्यात. टेप घेऊन मोजतोय बाई. नळाचं पाणी किती गरम येतं तेसुद्धा बघतोय. आणि एकेकाला एकटं बसवून बोलतोय."

"रेडिओशीपण?" मावशीने विचारलं. रेडिओ म्हणजे तिसऱ्या खोलीतली मुलगी. जाग आल्यापासून डोळा लागेपर्यंत तिचं तोंड बंद नसायचं.

"तिच्याशीच अर्धा तास झाला. मी फोन करेपर्यंत येऊ नका."

बारा वाजले. ऊन सरकत सरकत व्हॅनच्या टपावर आलं. मावशीने दोघांना ब्रेड, अंडी, केळी खायला घातली. आजोबांना ओल्या रुमालाने पुसलं. ते खिडकीच्या गजाला बोट लावून बसले होते, काही मागत नव्हते, काही नाकारत नव्हते. एक वाजला. मावशीने गोळ्यांसाठी पिशवीत हात घातला.

औषधांचा डबा नव्हता. असणार कुठून? तो साबणाच्या बादलीत होता. सकाळी तिनेच ठेवला होता, एक वाजताची गोळी काढून घ्यायची असं मनाशी घोकत. केळी घेतली, कपड्यांचे जोड घेतले, टिश्यू घेतले. घ्यायचं तेवढंच राहिलं.

आजोबांना फिट येत असे. गोळी दिवसातून तीनदा, आणि दुपारची चुकली की हमखास काहीतरी व्हायचं.

मॅडमना फोन लावला. त्यांनी कापला. परत लावला, परत कापला. मग स्वयंपाकीणबाईंना लावला.

"नंतर कर गं," त्या घाईघाईने म्हणाल्या. "साहेब माझ्यासमोरच बसलेत. आमटीत मीठ किती घालता विचारतायत." आणि त्यांनीही ठेवून दिला.

"मी औषधाच्या दुकानात बघतो," ड्रायव्हर म्हणाला. "मागे एक दिसलं होतं. नाव लिहून द्या गोळीचं." तो उतरला, मागे येऊन त्याने आजोबांकडे एकदा बघितलं आणि सवयीने दार सरकवून बंद केलं. खटकन आवाज झाला. मावशीला काहीतरी म्हणायचं होतं, तोवर तो कोपऱ्यावरून वळलासुद्धा.

पहिल्यांदा गजावरचं बोट थरथरलं. मग मान एका बाजूला ओढली गेली.

"आजोबा!" मावशीने त्यांना धरून खाली, दोन बाकांच्या मधल्या जागेत कुशीवर झोपवलं. जागा एवढीशी. तिचा एक पाय त्यांच्या पाठीमागे, दुसरा बाकाखाली अडकलेला. त्यांच्या टाचा दारावर आपटू लागल्या. तिने घड्याळ बघितलं. एक पस्तीस. ड्रायव्हरला फोन लावला, तर फोन पुढेच वाजला, जाळीपलीकडे, चार्जरला लावलेला.

"धाकट्या, खिडकीतून हाक मार. जोरात."

"काय हाक?"

"काहीही मार!"

"चादरी!" धाकटा ओरडला. गज धरून त्याने व्हॅन हलवायला सुरुवात केली. "चादरी! चादरी!"

तिला आठवलं तरी नंतर अंगावर काटा यायचा: बाहेर मोकळा रस्ता, आणि आत तिघं एका पत्र्याच्या डब्यात. आणि हे कुणी दुसऱ्याने केलेलं नव्हतं. ती स्वतःच चालत येऊन आत बसली होती.

गोदामाचा म्हातारा वॉचमन काठी घेऊन आला. पडदा बाजूला सारून त्याने आत बघितलं आणि दोन पावलं मागे सरला.

"कोण तुम्ही? कोंडलंय कुणी तुम्हाला?"

"नाही हो! दार ओढा, बाहेरून उघडतं. माणूस आजारी आहे!"

त्याने दार ओढलं. वारा आत आला. आजोबांचे हातपाय तोवर सैल पडले होते. तीन मिनिटं. मावशीने त्यांचं तोंड पुसलं, कॉलर सोडली.

"कुठल्या संस्थेची गाडी?" वॉचमनने विचारलं. त्याच्या डोळ्यांत संशय होता, आणि तो खोटा नव्हता.

मावशी मान खाली घालून आजोबांचे हात चोळत राहिली. गाडीवर संस्थेचं नाव होतं, त्यावर सकाळीच ड्रायव्हरने फडकं बांधलं होतं.

ड्रायव्हर धावत आला तो हात हलवतच. "चिठ्ठीशिवाय देत नाहीत. पेशंटचं नाव काय म्हणाला. मी म्हटलं, आजोबा. तो म्हणाला, आडनाव..." पुढचं तो बोललाच नाही. आजोबांच्या टाचा पुन्हा दारावर आपटायला लागल्या होत्या.

एकामागोमाग दुसरी फिट म्हणजे काय, हे मावशीला माहीत होतं. नाकात मारायचा फवारा त्याच डब्यात होता. इस्पितळ शहराच्या दुसऱ्या टोकाला. घर दहा मिनिटांवर.

"घरी चल," ती म्हणाली.

"अहो, पण मॅडम..."

"घरी चल म्हटलं ना! पुढच्या फाटकाने."

---

तपासनीस व्हरांड्यात खुर्ची टाकून कागद लिहीत बसला होता. पन्नाशी उलटलेला, शिडशिडीत माणूस. समोर टेप, टॉर्च, आणि स्वतःचा घरून आणलेला डबा, पुसून ठेवलेला. मॅडम जवळ उभ्या होत्या आणि आता संपलंच अशा बेतात त्यांचा चेहरा जरा सैलावला होता. तेवढ्यात व्हॅन फाटकातून आत आली, फडकं वाऱ्यावर उडत.

"मशीनमागचा डबा!" मावशी ओरडली. "दुसरी फिट आहे, दहा मिनिटं झाली!"

मॅडम जागच्या हलल्या नाहीत. फार तर दोन श्वास. मावशीने ते दोन श्वास बघितले आणि ती पुढे कधी ते विसरली नाही. पण हेही खरं, की त्यानंतर मॅडम जशा धावल्या तशा त्या वयात कुणी धावत नाही. चपला मागे राहिल्या. त्या बादलीसकटच परत आल्या.

तपासनिसाने तोवर कोट काढून त्याची घडी आजोबांच्या डोक्याखाली सरकवली होती. मावशीने फवारा मारला, त्याने आपल्या तळहातावर पेनने वेळ लिहिली. सगळी मुलं दाराशी जमली. रेडिओसुद्धा गप्प होती. हळूहळू आजोबांचा श्वास संथ झाला, मग घोरणं सुरू झालं. इतकं साधं घोरणं, पण मावशीला रडू कोसळलं.

"ताई, संपलं?" धाकट्याने विचारलं. "आता चादरी?"

"जा रे राजा. जा."

तपासनीस उठला. गुडघे झटकले. "हे दोघे कोण?" त्याने मॅडमना विचारलं. उत्तराची वाट बघता बघता त्याची नजर आजोबांच्या डाव्या कानावर गेली. त्या कानाची अर्धी पाळी नव्हती. तो पुन्हा खाली वाकला.

"हे नदीपलीकडच्या घरात होते," तो म्हणाला.

"तुम्हाला काय माहीत?" मॅडमनी विचारलं.

"ते घर मीच बंद केलं. तीन वर्षं झाली. माणसांना खाटेला बांधून ठेवायचे तिथे. बंद केलं ते योग्यच केलं." मग त्याने आजोबांच्या डोक्याखालची कोटाची घडी नीट केली. "अकरा जण होते. अकराही जणांची सोय झाली असा कागद माझ्याकडे आला. मी सही केली."

"सोय!" मॅडम म्हणाल्या. अनवाणी, घामाने भिजलेल्या. "तुमच्याच ऑफिसच्या गाडीने यांना माझ्या फाटकाशी आणून सोडलं. 'दोन दिवस ठेवा' म्हणाले. ते दोन दिवस अजून संपले नाहीत साहेब. आता लिहा तुमच्या कागदावर. खुशाल लिहा. आणि मग मला सांगा, यांना नेऊन ठेवायचं कुठे?"

"लिहावं तर लागेलच," तपासनीस म्हणाला. तो चिडून बोलला नाही, आणि म्हणूनच कुणाला वाद घालता आला नाही. "आज त्या गाडीत ते गेले असते, तर कुणाच्या खात्यावर गेले असते? वहीत नसलेला माणूस मेला तर तो मेल्याचंही कुणाला कळत नाही."

मग त्याने टेप उचलला आणि तो सरळ मॅडमच्या ऑफिसात शिरला. लांबी मोजली, रुंदी मोजली, खिडकी मोजली. बाहेर येऊन म्हणाला, "तुमचं टेबल जिन्याखाली हलवलंत तर या खोलीत एक माणूस बसतो. मी सतरा जणांची शिफारस करू शकतो."

"आणि अठरावा?"

"अठरावा बसत नाही. मी दोनदा मोजलं." त्याने कागदाची घडी घातली. "एक नाव महिन्याच्या आत पाठवा. दुसऱ्याला सरकारी आश्रमात जागा मिळवून देतो. नाहीतर परवाना जाईल, आणि मग अठराचे अठरा रस्त्यावर येतील."

---

संध्याकाळी मॅडमनी मावशीला बोलावलं. फॉर्म टेबलावर होता. नावाची जागा कोरी.

"तू सांग," मॅडम म्हणाल्या.

"मी का?"

"मी तुझ्या भावाचं लिहिलं तर म्हणशील, हिला कामाला बाई हवी म्हणून लिहिलं. ते खोटंही नाही, मी लपवत नाही. आणि आजोबांचं लिहिलं तर तू जन्मभर माझं तोंड बघणार नाहीस."

"आणि मी सांगितलं म्हणजे?"

मॅडमनी फॉर्म तिच्या बाजूला फिरवला. पेन तिच्याकडे सरकवलं.

इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या पाऊलवाटेवर आपलंच माणूस उभं. मावशीने सगळे हिशेब मनात करून बघितले. धाकट्याला घेऊन निघावं, खोली भाड्याने घ्यावी? दिवसभर कामाला गेल्यावर त्याच्यापाशी कोण? घरात कोंडून जायचं? दोनशे चौदा नंबर आता किती झाला असेल? मागे एकदा विचारलं होतं, तर एकशे नव्व्याण्णव म्हणाले होते. आणि आजोबा तर मागणारच नव्हते. त्यांनी कधीच काही मागितलं नव्हतं. मागत असते तर बरं झालं असतं. नाही म्हणायला निदान समोर कुणीतरी असतं.

"धाकट्याचं लिहा," ती म्हणाली.

"तूच लिही. तुझं अक्षर चांगलं आहे."

तिने लिहिलं. हात थरथरला नाही, याचं तिला पुढे कितीतरी दिवस वाईट वाटत राहिलं.

त्या महिन्यात तिने आजोबांची दाढी रोज केली. एरवी एक दिवसाआड व्हायची. जेवणातलं जे मऊ असेल ते आधी त्यांच्या ताटात जायचं. स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, "अगं, बळी द्यायच्या आधी बोकडाचे लाड करतात तसं करू नकोस." बोलून गेल्या आणि जीभ चावली. मावशीने आजोबांच्या ताटात आणखी भात वाढला. तिच्याही मनात तेच तर चाललं होतं.

सत्ताविसाव्या दिवशी निघाले. मावशी, आजोबा, ड्रायव्हर. फाटकाशी तपासनीस उभा होता, हातात फाइल. "आज मी रजेवर आहे," तो म्हणाला. "कागद अडू नयेत म्हणून आलो." तो फाइल मांडीवर घेऊन पुढे बसला. ड्रायव्हरने या खेपेला मंत्र्याचा विनोद केला नाही.

आश्रम तसाच होता. वास तोच. आत घेताना कारकुनाने फॉर्म भरायला घेतला. गोळ्या, वेळा, फवारा कधी मारायचा, हे सगळं मावशीने दोन पानांवर मोठ्या अक्षरांत लिहून आणलं होतं. कारकुनाने ती पानं न वाचता टाचून टाकली.

"भेट महिन्याच्या पहिल्या रविवारी. फक्त नातेवाईक. तुम्ही कोण यांच्या?"

मावशीने तोंड उघडलं. संस्थेची बाई, असं म्हणायचं होतं.

"बहीण," ती म्हणाली.

कारकुनाने वर बघितलं. एकसष्ट वर्षांचा, पांढऱ्या केसांचा माणूस, पंचेचाळिशीची बाई. "सख्खी?"

"सख्खी."

"साक्षीदार लागेल."

तपासनिसाने खिशातून पेन काढलं. घराघरांतल्या वह्या, पाण्याचं तापमान, टूथब्रश, खिडक्यांची लांबी-रुंदी, सगळं आयुष्य ज्याने एक अक्षर इकडचं तिकडे होऊ दिलं नाही, त्याने त्या रकान्याखाली सही केली आणि पेनाला टोपण लावायला तो विसरला.

आजोबांना आत नेलं. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. बघण्याची त्यांना सवयच नव्हती.

---

पहिल्या रविवारी मावशी गेली. आजोबांचं डोकं भादरलेलं होतं, अंगात दुसऱ्याच कुणाचा तरी ढगळ सदरा. ते भिंतीशी बसले होते, ओळीत सातवे. तिला ओळखलं की नाही कोण जाणे. पण तिने केळं सोलून पुढे केलं तेव्हा त्यांनी हुंकार दिला. गोळ्या वेळेवर मिळतात का, तिने विचारलं. तिथल्या आयाने हॉलवरून हात फिरवला. "ऐंशी जणांना आम्ही दोघी. मिळतात तशा मिळतात."

मावशीने आजोबांचे हात धुतले, तोंड पुसलं. निघताना शेजारच्या माणसाने तिचा पदर धरला. त्याच्या शेजारच्यानेही हात पुढे केला. तिने उरलेली केळी वाटली, तरी पदर सुटेना. शेवटी आयाने येऊन एकेक बोट सोडवलं.

घरी पोचेपर्यंत सात वाजले. धाकटा पायरीवर बसला होता. वहीत आता त्याचं नाव होतं, छातीवर सतरा नंबरचा बिल्ला होता, आणि तो रागावला होता. रविवारी संध्याकाळी पाचला ताई नखं कापते. आज पाच वाजून गेले, सहा वाजून गेले.

"कुठे गेलीस?"

"आजोबांकडे."

"रविवारी नाही जायचं."

"महिन्यातून एकदा जावं लागेल रे."

"नाही."

ती त्याच्या शेजारी बसली. पर्समधून नेलकटर काढलं. पाय ठणकत होते, पदराला तो वास होता. "दे हात," ती म्हणाली.

धाकट्याने दोन्ही हात पाठीमागे लपवले आणि तोंड फिरवून बसला. ती नेलकटर हातात धरून, तो वळेपर्यंत, तिथेच बसून राहिली.